नारळ फुटलेली जागा

नाना, आज इंदापूरच्या जागेत मशीन उतरले. तुम्हाला हे कळवण्याची घाई नव्हती. तुम्हाला जाऊन इतका काळ लोटला आहे की तुमच्या फोटोवरचा हारसुद्धा आता कापडी आहे. पण ते मशीन उतरवण्यासाठी गेले दोन महिने मी ज्या माणसांच्या दारांत उभी राहिले, जो चहा घेतला आणि जी उत्तरे ऐकून घेतली, त्या सगळ्याचा राग मला कुणावर तरी काढायचा आहे. नीट विचार केल्यावर असे दिसते की त्या रागावर पहिला हक्क तुमचा आहे. म्हणून क्रमाने सांगते. क्रमाने सांगायला तुम्हीच शिकवलेत.

आई आता माझ्याकडे बारामतीला असते. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि तिचे गुडघे पूर्ण कामातून गेले आहेत. ती जिना उतरते ती फक्त दवाखान्यासाठी, आणि परत वर येताना प्रत्येक वळणावर भिंतीला टेकून माझ्याकडे अशी बघते, की जणू हा जिना मीच बांधला आहे. या उन्हाळ्याच्या तोंडावर तिने सांगून टाकले, "मला वरनं खाली बघत मरायचं न्हाय. इंदापुरात माज्या भावानं दिलेल्या जागेवर दोन खोल्या बांध. दारातनं पाय टाकला की मातीला लागला पायजे." मी हो म्हटले. हो म्हणणे मला अवघड नव्हते, कारण पाया हाच माझा विषय आहे. तंत्रनिकेतनात मुलांना मी दरवर्षी तेच शिकवते: काळी माती पाणी प्याली की फुगते, वाळली की आकसते आणि भेगाळते, म्हणून काळीवर घर ठेवायचे नसते, काळी काढून खालच्या मुरमापर्यंत जायचे, मुरूम भरायचा, पाणी मारून थरावर थर दाबायचा, मग घर. आणि या सगळ्याच्या आधी एक चाचणीचा खड्डा, कारण जमिनीच्या पोटात काय आहे हे तिच्या चेहऱ्यावरून कळत नाही. एकच अट असते, की हे सारे पावसाच्या आत व्हायला हवे. काळी एकदा भिजली की मशीन रुतते, आणि वर्ष जाते. आईकडे वाया घालवायला वर्ष नव्हते. म्हणून ही घाई होती.

शिकवताना दर वेळी तुम्ही डोळ्यांपुढे येता, हेही आज रागातच लिहिते. इंदापूरच्या भाड्याच्या घरातले ते स्वयंपाकघर. तुम्ही शेतातून काळ्या मातीचा गोळा आणला आहे आणि आईच्या पितळी परातीत ठेवून त्यावर तांब्याने पाणी सोडता आहात. आई ओरडते आहे, "अहो, कणीक मळायची हाय मला त्यात!" तुम्हाला ऐकू येत नाही. तुमचा आवाज वर चढला आहे, डोळे चमकताहेत, "बघ, बघ, कशी फुगते, जणू श्वास घेते आहे!" मी गुडघ्यांवर बसून बघते आहे आणि जगात याहून मोठे काही नाही अशी माझी खात्री झाली आहे. त्या परातीपासूनच मी या विषयात आले. पुढे मला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा तुम्ही चामड्याच्या डबीतली ती पन्नास फुटी टेप दिलीत, आणि अंगणात दोरीला गाठी मारून तीन, चार, पाचचा काटकोन कसा घ्यायचा ते पुन्हा एकदा समजावलेत, जो मला चौथीपासून येत होता. समजावून सांगण्याचा तुमचा उत्साह कधी आटला नाही. ग्रहणे, खारे वारे, व्याजाचे गणित, गावाचा इतिहास. इंदापूर हे सरहद्दीचे ठाणे, एका राज्याची हद्द येथे संपायची आणि भीमेपलीकडे दुसऱ्याची सुरू व्हायची. फौजा यायच्या, तळ पडायचे, विहिरी खोदल्या जायच्या आणि शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून बुजवल्याही जायच्या. हे तुम्ही मला किती वेळा सांगितले असेल! बुजवलेल्या विहिरींबद्दल, नाना. तुम्ही. मला.

तर मी खोदाईचा ठेकेदार शोधायला निघाले. मला वाटले होते की हे सर्वांत सोपे काम असेल. हायवेच्या कडेला जेसीबी ओळीने उभे असतात, प्रत्येकावर मालकाच्या पोराचे नाव आणि लिंबू-मिरची. पहिल्याने विचारले, "सायेब कुठायत?" मी म्हटले, "साहेब नाहीत, मीच आहे." तो आला, जागेभोवती फिरला, ईशान्येच्या कोपऱ्यापाशी जरा थबकला आणि म्हणाला, "झक्कास जागा हाय, मॅडम. मशीन सध्या शेततळ्यावर हाय. मोकळं झालं की फोन करतो." त्याने फोन केला नाही. दुसरा डाळजचा. तोही आला, फिरला, त्याच कोपऱ्यापाशी थबकला. "पोराचं लगीन हाय, ताई. मांडव उतरला की बघू." मांडव उतरून, पोरगा-सून जोडीने देवदर्शन करून आले, तरी याचे मशीन फिरकले नाही. तिसऱ्याने ऑपरेटर पळून गेल्याचे सांगितले, आणि त्याच संध्याकाळी तो ऑपरेटर मला बस स्टँडजवळ भजी खाताना भेटला. मी त्याला विचारले तर तो म्हणाला, "पळून गेलोय ना ताई, भजी खायला." सगळे हसले. मी हसले नाही. मी प्रत्येकाला काळ्या मातीचा स्वभाव समजावून सांगत होते, कागदावर थर काढून दाखवत होते, पाऊस किती जवळ आला हे पटवत होते. ते मान हलवत होते. चहा सांगत होते. प्रत्येक जण "व्हय व्हय, बराबर हाय" म्हणत होता आणि कुणीही येत नव्हता.

त्या ईशान्य कोपऱ्यात एक शेंदूर लावलेला दगड आहे. मला वाटले, असेल कुणा शेजाऱ्याचा देव. आईला बरे वाटेल म्हणून नकाशात मी त्याच्याभोवती मोकळी जागासुद्धा सोडली होती. इतकेच काय, एकदा त्याच्यावर जास्वंदही वाहिली. तुम्ही हसाल म्हणून सांगत नाही. तुम्ही हसण्याचा अधिकार गमावला आहे म्हणून सांगते.

शेवटी मी नदीपलीकडचा माणूस गाठला, सोलापूर जिल्ह्यातला. म्हटले, याचे येथे ना कुणाशी नाते, ना भीड. तो फोनवर फार उत्साहात होता: "ताई, उद्या सकाळी मशीन उभं करतो, तुमी फकस्त जागा दाखवा." आणि खरेच आला, ट्रेलरवर मशीन घेऊन. खाली उतरला, कोपऱ्याकडे गेला, डोक्यावरची टोपी काढली, दगडाला हात लावून कपाळाला लावला आणि ड्रायव्हरला म्हणाला, "फिरव." मी अक्षरशः ट्रेलरच्या पुढे जाऊन उभी राहिले.

"अहो, झालं काय?"

"ताई, हितं नारळ फुटलाय."

"मग?"

"मग काय मग? दुसऱ्याच्या नारळावर बकेट टाकायची म्हंजी जेवत्या माणसाच्या ताटातली भाकरी उचलल्यागत हाय. ज्यानं नारळ फोडून दगड बसवला, काम त्याचं. त्यानं सोडलं तरच दुसऱ्यानं हात लावायचा. आमच्यात कुणी न्हाय करत तसलं."

"आमच्यात म्हणजे कुणात? तुम्ही तर नदीपलीकडचे!"

तो हसला. "नदी तुमच्या जिल्ह्याला हाय, ताई. धंद्याला न्हाय."

मग त्याने दगडावरचे दोन चुन्याचे पट्टे दाखवले. ही खूण पळसदेवच्या आबांची. म्हातारा आता काम बघत नाही, पोरगा बघतो, पण आबा दर दसऱ्याला स्वतः येऊन शेंदूर आणि चुना लावून जातात, हे तालुक्यातल्या प्रत्येक जेसीबीवाल्याला ठाऊक आहे. आणि जागेच्या मालकांना ठाऊक नाही, असे कुणाच्या स्वप्नातही आले नव्हते. त्यांना वाटत होते की मी आबांना डावलून काम उरकू पाहते आहे. दोन महिने, नाना, साऱ्या तालुक्याने मला लबाड समजून चहा पाजला.

दुपारीच पळसदेवला गेले. उन्हाळ्यात उजनी धरणाचे पाणी मागे सरले आहे आणि जुन्या देवळाचा कळस चिखलातून वर आला आहे. आबा लिंबाखाली बाजेवर बसले होते. त्यांनी मला ओळखले. "मास्तरांची लेक न्हव का तू? ये. मी म्हणतच हुतो, कोण तरी येणार."

मी नमस्कारही न करता भांडायला लागले. "आबा, मी गाव पालथं घातलं. एकाही माणसाने सांगितलं नाही, की तुमच्याकडे जा म्हणून!"

"तू त्यास्नी काय इचारलंस?"

"मशीन कधी येणार ते."

"का येत न्हाय, ते इचारलंस का?"

त्यांनी घरात पाणी सांगितले आणि मग सगळे सांगितले. तुम्ही तेथे घर बांधायला घेतलेत तेव्हा मशीन नव्हते, टिकाव-फावड्याची माणसे होती. तुम्ही दोरी लावून चुना टाकून ठेवला होता. आबांनी कोपऱ्यात दगड बसवला, नारळ फोडला आणि मधोमध पहिला खड्डा घेतला. कमरेएवढे गेल्यावर काळीच्या जागी राखी, भुसभुशीत भराव लागला. खापऱ्या, कोळसा, आणि मग घडीव दगडाची गोल कड. "मी म्हणलं, मास्तर, हीर हाय. बुजीवलेली. ह्याच्यावर घर टिकायचं न्हाय. मास्तर लई येळ त्या कडंला हात लावून बसलं. मग म्हणलं, बुजवा. आन कुनाला बोलू नगा. जागा मेव्हण्यानं दिलीय, त्यानं विहीर लपवली. बायकोला कळलं तर तिचं माहेर तुटंल. मी म्हणलं, दगड काढू का? तर म्हणलं, दगड राहू द्या, म्हंजी दुसरं कुनी हितं खणायचं न्हाय. मी शबुद दिला. आजवर पाळला."

परत येताना भिगवणच्या पुढे मला गाडी बाजूला घ्यावी लागली, इतका मला राग आला होता. म्हणजे हे होते तर! म्हणून दर वर्षी "पुढच्या वर्षी बघू". म्हणून मामा भाऊबीजेला यायचा, ओवाळणी टाकायचा, तुमच्याशी बोलायला खुर्ची ओढून घ्यायचा, आणि तुम्ही तोंडासमोरचे वर्तमानपत्र खाली करायचा नाहीत. तो भला माणूस प्रत्येक दिवाळीला विचारायचा, "दाजींचं काय बिनसलंय?" आणि उत्तर न मिळताच गेला. आई शेजारणींदेखत टोचायची, "सगळ्या गावाच्या पोरांना पृथ्वी कशी फिरते ते सांगत्यात, आमच्या घराची एक वीट काय हलंना!" तुम्ही ऐकून घ्यायचात. मला वाटायचे, नाना आळशी आहेत, किंवा चिक्कू. तुम्ही मला तसे वाटू दिलेत. जगातली प्रत्येक गोष्ट तुम्ही आम्हाला समजावून सांगितलीत, फुगणाऱ्या मातीपासून फिरणाऱ्या ग्रहांपर्यंत, आणि आमच्या घराचीच गोष्ट तेवढी खापऱ्यांसकट बुजवून टाकलीत. तुम्हाला तो त्याग वाटला असेल. मला तो उद्धटपणा वाटतो. आईला सत्य झेपणार नाही हे तुम्ही कोणत्या चाचणीवरून ठरवलेत?

मी ठरवले की तुम्ही आबांकडून घेतलेला शब्द आता मोडायचा. घरी आले तेव्हा आई स्वयंपाकघरात पाटावर, पाय पसरून, शेंगा फोडत बसली होती. मी पर्ससुद्धा खाली ठेवली नाही.

"आई, त्या जागेत विहीर आहे."

"हाय की," ती म्हणाली. शेंगा फोडणे थांबले नाही. "घोड्याची हीर म्हणायचे तिला. फौजेची घोडी पाणी प्यायची म्हणं. आमच्या आज्यानं बुजीवली. बुजवायच्या आदी, मी ल्हान असताना तिच्या कडंवर बसून चिंचा खाल्ल्यात."

मी पर्स खाली ठेवली. "तुला माहीत होतं?"

"माजं माहेर हाय ते. मला न्हाय म्हाईत आसायचं?"

"आणि मामानं ते लपवलं नव्हतं?"

"कशाला लपवील? त्यानं मला सांगूनच दिली. म्हणला, आक्का, मधापासनं खालच्या अंगाला हीर हाय, घर वरच्या अंगाला घे, बाकीच्यात झाडं लाव."

"मग नानांना का नाही सांगितलंस?"

आता तिने शेंगा खाली ठेवल्या. "सांगाय गेलते. ते दोरी लावीत हुते, तू टेपचं टोक धरून हुबी हुतीस. मी चहा घेऊन गेले. म्हणलं, अहो, जरा वरच्या अंगाला घेतलं तर? तर म्हणले, तू चहा ठेव, तुला यातलं काय कळतंय. आन मग मला वाऱ्याची दिशा समजावली. कप हातात घेऊन मी सगळं ऐकलं. म्हणलं, बरं. कळंल तवा कळंल."

मला तो दिवस आठवतो, नाना. टेपचे पितळी टोक माझ्या अंगठ्याखाली, तुमची शिट्टी, चुन्याचा वास. आई आलेली आठवते. चहा आठवतो. तिने काही विचारले होते, हे मला आठवत नाही. तिकडे माझे लक्षच नव्हते.

"आणि नंतर? त्यांनी काम थांबवलं तेव्हा?"

"तवा मला कळलं, ह्यांना हीर घावली. मी वाट बघितली. आज म्हणतील, उद्या म्हणतील, बाई गं, चुकलं माजं, तू म्हणत हुतीस ते बरूबर. येवढं म्हणले आसते तर दुसऱ्या दिवशी मी वरच्या अंगाला दोरी धरली असती. टोचून टोचून बघितलं. न्हाय बोलले. मग मी बी इरंला पेटले." आता माझा मघाचा प्रश्न तिच्या ध्यानात आला. "माज्या भावाला लबाड ठरवून बसले व्हय ते? इतकी वर्सं? मला वाटलं, चुकल्याची लाज वाटतीया, म्हणून त्याच्याशी बोलत न्हाईत." ती रडली नाही. तिने सालांचे सूप उचलून इतक्या जोराने आपटले की टरफले ओट्यापर्यंत उडाली. "मास्तर! शाळंत पोरांना म्हणायचे, शंका असली तर इचारा. सोता कवा कुनाला इचारलं का?"

मी टरफले गोळा करायला वाकले. तुमच्याविरुद्ध एक जोडीदार मिळाल्याचा मला आनंद होत होता. तेवढ्यात ती म्हणाली, "आन तू गं? तू बी नकाशा काढूनच आणलास की. तीन संध्याकाळी मला थर समजावलेस. घर मधोमधच काढलंयस, बापासारखं."

यावर मी काय उत्तर दिले, ते लिहिण्यासारखे नाही. मी म्हटले की चाचणीच्या खड्ड्यात विहीर सापडलीच असती. आई म्हणाली, "त्यांना बी घावलीच हुती की."

आज सकाळी तिला गाडीतून इंदापूरला नेले. आबा आले होते, त्यांचा मुलगा मशीन घेऊन आला होता. मी विचारले, पुन्हा नारळ फोडायचा का. आबा म्हणाले, "फुटलेला नारळ फुटलेलाच आसतुया. काम थांबलं हुतं, मोडलं नव्हतं." मग आई काठी टेकत वरच्या अंगाला गेली, चप्पल काढून बाजूला ठेवली आणि टाचेने मातीत रेघ ओढली. तेथून वळून दुसरी ओढली. "हितनं हितपातूर. चूल ह्या अंगाला. आन हिरीच्या जाग्यावर चिंच लावायची." आबा म्हणाले, "वैनी, हे तवाच सांगायचं की!" ती म्हणाली, "तुमच्या मास्तरांना वारा समजावायचा हुता तवा." म्हातारा इतका हसला की त्याला खोकल्याची उबळ आली. मग तिने एकदा खालच्या अंगाकडे बघितले आणि कुणाचेही नाव न घेता म्हणाली, "माजा भाऊ आज पायजे हुता."

चाचणीचा खड्डा तिच्या रेघेच्या आत घेतला. वर काळी, खाली पिवळसर चुनखडी आणि मग लालसर, खणखणीत मुरूम. नाना, काय सुंदर मुरूम आहे तो! मला तो तुम्हाला दाखवावासा वाटला आणि त्याचाही राग आला. तुम्ही विचारले असते तर तो कधीच सापडला असता, तुमच्या हयातीत, आईचे गुडघे धडधाकट असताना. मामा त्या घराच्या ओट्यावर बसून पान खाऊन गेला असता.

हे पत्र कोठे पाठवायचे नाही, म्हणून एक गोष्ट लिहून ठेवते. आई सावलीला जाऊन बसल्यावर मी तिच्या रेघा पाहिल्या. त्या काटकोनात नव्हत्या. चुलीकडचा कोपरा चांगलाच तिरका होता. तिला बोलवावे, सांगावे, असे माझ्या मनात आले होते. मग मी पर्समधून तुमची टेप काढली, तिची पाठ माझ्याकडे आहे याची खात्री करून घेतली, तीन, चार, पाच घेतले आणि तिची रेघ पायाने पुसून नवी मारली. तिला सांगितलेले नाही.